सेवेची प्रेरणा : ती जागते कशी, टिकते कशी

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हेच ज्या कामाचे स्वरूप आहे, अशी कामे माणसे का पत्करतात, हा आजचा विषय आहे. शिक्षक, परिचारिका, अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, अग्निशमन दलाचा जवान, आपत्तीच्या वेळी दोर घेऊन दरीत उतरणारा गिर्यारोहक अशी कितीतरी माणसे आपल्या दोन तालुक्यांत आहेत. ती या कामाकडे का वळली, असे विचारले तर दोन तयार उत्तरे मिळतात. ‘त्यांचा स्वभावच सेवाभावी’ हे एक, आणि ‘पोटासाठी करतात, दुसरे काय?’ हे दुसरे.

दोन्ही उत्तरांत थोडे थोडे सत्य आहे. परंतु त्यांपैकी कोणत्याही एकावर विसंबून राहिले की नुकसान होते. ज्या कारणासाठी माणूस काम करतो असे आपण मानतो, त्या कारणाला धरूनच आपण त्याला वागवत असतो. तो सेवाभावाने काम करतो असे एकदा ठरवले की त्याच्या मानधनाचा आपल्याला विसर पडतो. तो केवळ पैशासाठी करतो असे ठरवले की नोटिसा आणि तक्ते वाढत जातात. यास्तव मानसशास्त्राने या प्रश्नाचा जो विचार केला आहे, तो गावपातळीवर काम करणाऱ्या आपणा सर्वांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

खालापूरच्या दोन घटना

प्रथम आपल्याच परिसरातील दोन घटनांचे स्मरण करू. १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, बोरघाटात शिंगरोबाच्या मंदिराजवळ, एक खाजगी बस दरीत कोसळली. पुण्याकडचा कार्यक्रम आटोपून परतणारे मुंबईतील गोरेगावचे वादक पथक तीत होते. तेरा जणांचा मृत्यू झाला. जखमींना दरीतून वर काढण्यासाठी पोलीस आणि महामार्ग यंत्रणेच्या बरोबरीने खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’चे गिर्यारोहक आणि ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ या नावाने ओळखले जाणारे स्वयंसेवक अंधारात खाली उतरले.

त्यानंतर तीन महिन्यांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर समाजाच्या वस्तीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. पावसात, चिखलाची पायवाट चढून मदत पोहोचवावी लागली. मोठी यंत्रे वर नेता येईनात आणि हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरेना. तेव्हा फावडी, कुदळी आणि हात हीच साधने उरली. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवण्यात आले, त्या वेळी २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला ती चढण चढतानाच हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू आला.

या दोन्ही ठिकाणी दोन प्रकारची माणसे एकत्र काम करीत होती. काहींचे ते नेमून दिलेले कर्तव्य होते. काहींना तेथे जाण्याची कोणतीही सक्ती नव्हती. चिखलात खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या या माणसांत पगारी कोण आणि बिनपगारी कोण, हे पाहणाऱ्यास सांगता आले नसते. म्हणूनच प्रेरणेचा विचार पगारापाशी सुरू होऊन पगारापाशीच संपू शकत नाही.

गरजांची उतरंड

प्रेरणेच्या आधुनिक विचारात पहिले नाव येते ते अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे. १९४३ साली त्यांनी मानवी गरजांची एक श्रेणी मांडली. अन्न, पाणी, झोप या शरीराच्या गरजा सर्वांत खाली, त्यावर सुरक्षितता, त्यावर आपलेपणा व प्रेम, त्यावर मान, आणि सर्वांत वर आपल्या अंगचे गुण पूर्णत्वास नेण्याची ओढ. आपल्या घरातील मडक्यांच्या उतरंडीची येथे आठवण होते. खालचे मडके पक्के बसल्याशिवाय वरचे राहत नाही.

हा विचार सोपा आहे आणि पुष्कळ अंशी खराही आहे. तथापि उतरंडीचा नियम माणसाला तंतोतंत लागू पडत नाही. पोटाची भ्रांत असलेला माणूस शेजाऱ्यासाठी धावून जातो, हे वाडीवस्तीवर कोणीही पाहिले असेल. खुद्द मॅस्लो यांनीही आपल्या मूळ लेखात उच्च आदर्शांसाठी सर्वस्वाचा त्याग करणारी माणसे हा अपवाद मान्य केला होता.

कर्जत तालुक्याला असा अपवाद दूर शोधावा लागत नाही. १९१२ साली माथेरान येथे नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे कायद्याचे शिक्षण घेतलेले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झालेले गृहस्थ होते. सुखाचे आयुष्य त्यांच्या आवाक्यात होते. त्याऐवजी त्यांनी तालुक्यातील खेड्यांत शाळा काढल्या, शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी धान्यकोठाराची कल्पना राबवली, १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हौतात्म्य पत्करले. योगायोग असा की, मॅस्लो यांचा तो लेख त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. उतरंडीचे वरचे टोक म्हणजे काय, हे आपल्या सिद्धगडाला तो लेख येण्यापूर्वीच ठाऊक झाले होते.

एका भारतीय मानसशास्त्रज्ञाचे सूत्र

पुढे डेव्हिड मॅकलेलंड यांनी तीन प्रेरणांवर भर दिला : काहीतरी उत्तम करून दाखवण्याची सिद्धिप्रेरणा, माणसे जोडण्याची प्रेरणा आणि प्रभाव गाजवण्याची प्रेरणा. प्रेरणा शिकवता येते काय, हे पाहण्यासाठी त्यांनी १९६० च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथे लहान उद्योजकांसाठी प्रशिक्षण वर्ग घेतले. सिद्धिप्रेरणा वाढली की उद्योग वाढतो आणि त्यातून देशाचा विकास होतो, अशी त्यांची मांडणी होती.

आपल्याकडील थोर मानसशास्त्रज्ञ उदय पारीक यांना ही मांडणी अपुरी वाटली. १९६८ साली त्यांनी तीत मोलाची भर घातली. केवळ स्वतःच्या यशाची ओढ असलेल्या माणसांनी समाज पुढे जात नाही. दुसऱ्यांपर्यंत, समूहापर्यंत आपल्या ‘मी’चा विस्तार करण्याची ओढही हवी, असे त्यांनी प्रतिपादन केले. या ओढीला त्यांनी विस्तार प्रेरणा म्हटले. आणि या दोहोंना मागे खेचणारी तिसरी शक्ती म्हणजे परावलंबनाची प्रेरणा : कोणीतरी येईल आणि आपले करील, ही वृत्ती.

शिक्षक मंडळींना रुचावे म्हणून ते सूत्र गणिताच्या भाषेत सांगतो. सिद्धिप्रेरणेला विस्तार प्रेरणेने गुणावे, त्यातून परावलंबन वजा करावे; जे उरते तो विकास. येथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे ध्यानात घ्यावे. गुणाकारात एक संख्या शून्य असली की उत्तर शून्यच. गावातील हुशार माणूस स्वतःपुरते पाहू लागला तर गावाचे उत्तर शून्य. कळवळा पुष्कळ आहे, पण काम नेटके करण्याची जिद्द नाही, तरीही उत्तर शून्य.

धान्यकोठाराची कल्पना या सूत्राचा उत्तम नमुना ठरावी. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातील भात संपते. मग सावकाराकडून दाणा उचलावा लागतो आणि सुगीत तो दिडीदुपटीने फेडावा लागतो. कोठार असले म्हणजे गावाचाच दाणा गावाला उसना मिळतो. सुगीनंतर तो अल्प वाढीसह परत येतो आणि पुढच्या वर्षी अधिक घरांना पुरतो. भाई कोतवालांनी ही वाट दाखवली. पुढे काशेळे येथील ‘अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने कर्जतच्या आदिवासी वाड्यांत धान्य बँकांचे काम केले. यात मदत करणारा मदत घेणाऱ्यास कायमचा ऋणको करून ठेवत नाही. ज्याने आज घेतले, तोच उद्या देणारा होतो. सेवा आणि उपकार यांतील अंतर हेच होय.

हेतू मिश्र असणे हा दोष नव्हे

येथे एक शंका नेहमी निघते. सेवा करणाऱ्याला नावलौकिकाची, अनुभवाची, उद्याच्या नोकरीची अपेक्षा असेल, तर ती सेवा खरी कशी? गावात कोणी पुढे होऊन काम करू लागला की ‘याला निवडणूक लढवायची असेल’ असा शेरा लगेच ऐकू येतो.

अमेरिकेतील क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्वयंसेवकांच्या हेतूंचे सहा वर्ग सांगितले : आपल्या मूल्यांना जागणे, नवे काही शिकणे, आपल्या माणसांसोबत राहणे, व्यवसायात उपयोग होणे, मनातील दुःख वा अपराधभाव हलका करणे आणि स्वतःविषयीचा आदर वाढणे. बहुतेकांच्या मनात यांपैकी अनेक हेतू एकत्र नांदत असतात. त्याआधी १९९५ साली ओमोटो आणि स्नायडर यांनी एड्सग्रस्तांची सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात असे आढळले की, शिकणे, आत्मसन्मान यांसारखे स्वतःशी निगडित हेतू असलेले स्वयंसेवक अधिक काळ टिकले. निव्वळ परोपकाराची भावना दीर्घ सेवेची हमी देईल, ही अपेक्षा फोल ठरली.

यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. स्वयंसेवकाचा हेतू सोन्यासारखा घासून पाहण्याची आवश्यकता नाही. त्याला कामातून काही शिकायला मिळते काय, त्याचा मान राखला जातो काय, हे पाहावे. एका हेतूविषयी मात्र सावध असावे. दुसऱ्याचे दुबळेपण टिकून राहण्यातच ज्याला समाधान वाटते, तो मदतनीस धोक्याचा असतो. कारण तो परावलंबन वाढवतो.

पाहणारे पुष्कळ, धावणारा एक

पुष्कळ माणसे जमली म्हणजे मदत लवकर मिळेल, असा आपला समज असतो. १९६८ साली डार्ली आणि लाटाने यांनी प्रयोगाने दाखवून दिले की, बरेचदा घडते ते याच्या उलट. ध्वनियंत्रावरून एका विद्यार्थ्याला झटका आल्याचे आवाज ऐकवण्यात आले. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के लोक झटका चालू असतानाच मदतीस उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण अवघे ३१ टक्के राहिले. ही माणसे निर्दय नव्हती. जबाबदारी वाटली गेली आणि कोणाच्याच वाट्याला पुरेशी आली नाही.

ज्या तालुक्यांतून दिवसरात्र वाहता महामार्ग जातो, त्यांना या प्रयोगाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. अपघात पाहून गाडी न थांबवणाऱ्याच्या मनात पोलीस चौकशीचे व कोर्टाच्या फेऱ्यांचे भयही असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ समाविष्ट झाले. सद्हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही माहिती प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावी, इतकी महत्त्वाची आहे.

भयाइतकाच महत्त्वाचा दुसरा घटक कौशल्याचा. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात फलाटावरून रुळावर पडलेल्या बालकाला समोरून येणाऱ्या गाडीपुढे धावत जाऊन वाचवणारे मयूर शेळके हे रेल्वेचे पॉइंट्समन आपल्या कर्जत तालुक्यातीलच. त्यांचे धैर्य असामान्य, यात संशय नाही. परंतु रूळ, गाडीचा वेग आणि फलाटाची उंची यांचा रोजचा परिचयही त्यांच्या पाठीशी होता. पुढे बक्षिसाच्या रकमेतील अर्धा वाटा त्यांनी त्या बालकाच्या दृष्टिहीन मातेला देण्याचे जाहीर केले. ज्याला काय करावे हे माहीत असते, त्याचेच पाऊल आधी उचलले जाते. यास्तव दोर बांधणे, जखमीस उचलणे, रक्तस्राव थांबवणे हे शिकवणे म्हणजे एका अर्थी सेवेची प्रेरणाच शिकवणे होय.

मानधन आणि मान

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आशा स्वयंसेविकांची योजना २००५ पासून आली. ‘सेविका’ आणि ‘स्वयंसेविका’ ही नावे गौरवाची आहेत. पण कर्जतच्या डोंगरकपारीतील ठाकर व कातकरी वाड्यांवर गरोदर माता, नवजात बालके आणि कुपोषित मुले यांच्या मागे वर्षभर फिरणाऱ्या या भगिनींचे काम हौसेचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये आशांचा गौरव केला. त्याआधीच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला. आणि २०२३ च्या डिसेंबरपासून राज्यातील अंगणवाडी सेविकांना मागण्यांसाठी संपावर जावे लागले, हेही आपण पाहिले.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडले की, वेतन, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी चांगल्या असल्याने माणूस झपाटून काम करतो असे नाही. परंतु त्या वाईट असल्या की त्याचे मन कामातून उडते. उत्साह येतो तो कामाच्या स्वरूपातून, जबाबदारीतून आणि दखलीतून. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात कोडी सोडवण्याबद्दल पैसे दिलेल्या विद्यार्थ्यांची, पैसे बंद झाल्यावर, त्या कोड्यांतील गोडी कमी झालेली दिसली. या प्रयोगाचा काही लोक असा अर्थ करतात की, पैशाने सेवावृत्ती नासते, म्हणून सेवाभावी माणसाला फार पैसे देऊ नयेत. हा अर्थ चुकीचा आहे. डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९९९ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊन दाखवले की, आतील गोडी घटते ती प्रत्येक कृतीला बांधलेल्या, माणसाला नियंत्रित करणाऱ्या बक्षिसांनी. वेतनासारख्या, कृतीकृतीला न बांधलेल्या मोबदल्याने नव्हे. तेव्हा सेवेचे गोडवे गाऊन मानधन थकवण्यास मानसशास्त्राचा कोणताही आधार नाही, हे मी स्पष्टपणे नमूद करू इच्छितो.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या : आपल्या कामात आपली काही इच्छा चालावी, आपल्याला ते जमते असा अनुभव यावा आणि कोणाशी तरी आपुलकीचे नाते असावे. आपल्या गावच्या सेविकेला हे प्रश्न लावून पाहावेत. वाडीवर कोणत्या दिवशी जावे, हे ती ठरवू शकते काय? वह्या, तक्ते आणि मोबाइलवरील नोंदी यांतून मूल पाहण्यास तिला वेळ उरतो काय? ग्रामसभेत तिला बोलण्यास उभे केले जाते, की केवळ सतरंजी घालण्यास सांगितले जाते?

आपल्या कामाचे फळ डोळ्यांनी दिसण्याचे महत्त्वही मोठे आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांची, त्या निधीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटे भेट घडवण्यात आली. अ‍ॅडम ग्रँट व सहकाऱ्यांच्या २००७ च्या या अभ्यासात, महिन्याभराने त्या कर्मचाऱ्यांचा फोनवरील वेळ दुपटीहून अधिक झालेला आढळला. पगार तोच, काम तेच. केवळ एक चेहरा दिसला.

दुसरी बाजूही लक्षात असावी. सतत दुसऱ्याचे दुःख झेलणारा माणूस आतून रिता होत जातो. १९७४ साली फ्रॉयडेनबर्गर यांनी या अवस्थेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दरडीखालून मुलांचे देह काढणाऱ्याला त्यानंतर झोप येते काय, हे विचारणारे कोणीतरी गावात असले पाहिजे.

आपल्या हाती काय आहे?

आपल्या अधिकारात करता येण्याजोग्या काही गोष्टी सुचवून मी थांबतो.

ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील प्रशिक्षित तरुण, पोहणारे, गिर्यारोहक, वाहनचालक यांची यादी ठेवावी; दोर, स्ट्रेचर, विजेऱ्या यांची जागा सर्वांना ठाऊक असावी आणि पावसाळ्यापूर्वी एकदा तरी सराव व्हावा. कोणी काय करावयाचे हे आधी ठरले, म्हणजे जबाबदारी हवेत विरत नाही. अंगणवाडी सेविका व आशा यांच्या अडचणी हा ग्रामसभेचा नियमित विषय असावा, आणि त्यांच्या प्रयत्नाने सुधारलेल्या बालकाचे कौतुक होताना त्यांनाही तेथे बोलवावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सेवेवर निबंध लिहायला सांगण्यापेक्षा लहानशी, खरी जबाबदारी द्यावी. पाचवीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवावे. आपल्यामुळे कोणाला तरी काही आले, हा अनुभव ज्याला बालपणी मिळतो, त्याला पुढे प्रेरणेवर व्याख्यान ऐकावे लागत नाही.

अधिकारी मित्रांनी मानधनाच्या देयकाला संकटकाळातील तारेइतकीच निकड द्यावी. मागवलेल्या माहितीचे पुढे काय झाले, हे माहिती देणाऱ्यास कळवावे.

आणि वृत्ते लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. आपत्तीनंतर मदतीस धावलेल्यांना ‘देवदूत’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. त्यामागील कृतज्ञता मी जाणतो. परंतु देवदूताला मानधन लागत नाही, झोप लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही. आणि आपण देवदूत नसल्यामुळे आपल्यालाही काही करावे लागत नाही. बोरघाटात आणि इर्शाळवाडीत जी धावली ती माणसे होती. त्यांना घरे होती, हेतू होते, थकवा होता. त्यांना माणूस म्हटले, तरच त्यांच्याप्रत आपले काही देणे लागते आणि त्यांच्यासारखे होणे आपल्यालाही शक्य वाटते.